हा तो नव्हे

24 नोव्हेंबर 2024, रविवार. दिल्लीची हवा त्या दिवसांत इतकी वाईट होती की द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत संध्याकाळी फिरायलाही कुणी खाली उतरत नव्हतं. खिडक्या घट्ट लावून आम्ही चौघं दुसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे बसलो होतो. काका मूळचे वाईचे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची नात दिल्लीत शिकते. तिच्या प्लेस्टेशनवर 4के डिस्क चालते, म्हणून त्या संध्याकाळचं यजमानपण तिच्याकडे. चौथी माझी शिलाँगची मैत्रीण, जिच्या माहेरी तिन्ही भाऊ गिटार वाजवतात. डिस्क होती 'क्वीन रॉक माँट्रियल'. दिवस मुद्दाम निवडलेला होता. फ्रेडी मर्क्युरी गेला 24 नोव्हेंबर 1991 ला, आणि ही मैफल चित्रित व्हायला सुरुवात झाली त्याच्या बरोबर दहा वर्षं आधी, 24 नोव्हेंबर 1981 ला.

दोन गाणी होईपर्यंत कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "अगं, हा तो नाहीच."

मैत्रीण हिंदीत म्हणाली, "काका, हाच तो. तुम्ही आजवर जो पाहिलात, तो तो नव्हता."

नात मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "पण आबा, पिक्चरमध्ये तो असा नव्हता." पिक्चर म्हणजे 2018 चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', ज्यातल्या मर्क्युरीच्या भूमिकेसाठी रामी मालेकला ऑस्कर मिळालं.

मी भाषांतरं करते. या तीन वाक्यांत मला माझ्या व्यवसायातली तीन जुनी माणसं भेटली. ज्या भाषांतरातून पुस्तकाची पहिली ओळख झाली त्यालाच पुस्तक मानणारा वाचक, मुळाची ग्वाही देणारा जाणकार, आणि रूपांतर आधी पाहिल्यामुळे मूळच कुठेतरी चुकलंय असं वाटणारा तरुण. यांतल्या दुसऱ्याला आपण मान देतो, तिसऱ्याला समजून घेतो, पहिल्याला मात्र हसतो. त्या संध्याकाळी मीही हसले. आता वाटतं, काकांचं म्हणणं पुरतं बरोबर नसलं तरी ते नीट ऐकून घ्यायला हवं होतं. हा लेख त्यासाठी.

•

आधी चित्रपटाविषयी. कॅनडातल्या माँट्रियल शहरात फोरम नावाचं आइस हॉकीचं प्रसिद्ध स्टेडियम होतं. तिथे 24 आणि 25 नोव्हेंबर 1981 अशा सलग दोन रात्री क्वीनच्या मैफली 35 मिमी फिल्मवर चित्रित झाल्या. दिग्दर्शक सॉल स्विमर. भारतीय वाचकाला त्याचं नाव दुसऱ्या एका चित्रपटामुळे जवळचं वाटावं. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट 1971 मध्ये झालेल्या 'कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'चा चित्रपट त्यानेच केला. त्यात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावून घेतात, तेवढ्यावरच श्रोते टाळ्यांचा कडकडाट करतात, आणि रविशंकर त्यांची हसत हसत फिरकी घेतात. श्रोता कशाला दाद देईल हे कलाकाराच्या हातात नसतं. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

माँट्रियलच्या दोन रात्री संकलनात एकत्र विणून एक रात्र केली गेली. म्हणजे पडद्यावर जी 'ती रात्र' दिसते, ती तशी कधी झालीच नाही. मुरलेले चाहते कपड्यांतल्या फरकावरून जोड कुठे आहे ते सांगतात, जसा एखादा पोथीचा अभ्यासक अक्षराच्या वळणावरून लेखनिक कुठे बदलला ते सांगतो. हा चित्रपट 'वी विल रॉक यू' या नावाने 1980 च्या दशकात व्हीएचएसवर आला. पुढे 2007 मध्ये चित्र आणि आवाज नव्याने साफ करून, जुळवून, नवं नाव देऊन तो परत काढला गेला. जानेवारी 2024 मध्ये तो आयमॅक्सच्या पडद्यांवर लागला आणि त्याच वर्षी मे महिन्यात 4के डिस्कवर घरोघरी पोचला. एकाच मैफलीच्या किमान तीन प्रती झाल्या, आणि काकांची प्रत त्यांतली सगळ्यात पहिली, सगळ्यात वाईट. त्यांचा थोरला भाऊ मस्कतला नोकरीला होता. त्याने ती कॅसेट पाठवलेली.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्याच्या मधोमध ऑपेराच्या वळणाचा भाग आहे. स्टुडिओत एकावर एक आवाज चढवून तो तयार झाला होता. चार माणसांना तो मंचावर गाणं शक्य नव्हतं. म्हणून मैफलीत त्या वेळी बँड मंच सोडून जायचा, ध्वनिमुद्रित भाग वाजायचा, दिव्यांचा खेळ चालायचा, आणि नंतरच्या दणक्याला चौघं परत यायचे. सगळ्या चाहत्यांना हे ठाऊक आहे आणि कुणालाही त्यात फसवणूक वाटत नाही. 'चाहते अस्सलपणाविषयी भाबडे असतात' हे म्हणणं इथेच निकालात निघतं. मैफलीच्या पोटात टेप आहे हे त्यांनी कधीचंच पचवलेलं आहे.

•

मग त्यांची तक्रार कशाविषयी असते? जुन्या मैफलीचं नवं रूप बाजारात आलं की चाहत्यांच्या प्रतिक्रिया ठरावीक चार-पाच गोष्टींभोवती फिरतात.

पहिली, दाणे. फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून बनते. मोठ्या पडद्यावर ते कण रवाळ थरथरताना दिसतात. संगणकाने ते पुसता येतात, पण कण पुसताना त्वचेवरची छिद्रं, केसांच्या बटा, कापडाची वीणही पुसली जाते आणि गायक मेणाचा पुतळा दिसू लागतो. दुसरी, चौकट. जुन्या टीव्हीचा पडदा जवळजवळ चौकोनी, आजचा आडवा, आयमॅक्सचा उंच. प्रत्येक वेळी कडेचं काहीतरी कापलं जातं किंवा नव्याने उघडतं, आणि नेमका आपल्या आवडत्या वादकाचा हात गेला तर माणूस चिडतो. तिसरी, रंग. टेपवर लालसर वाटणारे दिवे आता पिवळे का? चौथी, आवाज. नव्या मिश्रणात बेस गिटार पुढे येते, टाळ्या पाठीमागून ऐकू येतात, श्रोता गर्दीच्या मधोमध बसवला जातो. कुणाला हे स्वर्गसुख वाटतं, कुणाला गर्दीच इतकी जवळ आल्यामुळे गायक लांब गेल्यासारखा वाटतो. पाचवी, ओठ आणि शब्द यांचा मेळ.

या प्रतिक्रिया ऐकताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवते. स्तुती नेहमी तपशिलाची असते आणि तक्रार एकंदरीची. स्तुती करणारा सांगतो: घाम दिसला, जॉन डीकनची तारांवरची बोटं दिसली, मिशीचा एकेक केस दिसला. तक्रार करणारा बोट कशावरच ठेवू शकत नाही. तो म्हणतो, काहीतरी गेलं. आणि बोट ठेवता येत नाही म्हणून वादात तो हरतो.

भाषांतरांच्या परीक्षणांतही नेमकं हेच होतं. नव्या भाषांतराची बाजू घेणारा शंभर ठिकाणं दाखवतो, जिथे जुना भाषांतरकार चुकला होता. जुन्याची बाजू घेणाऱ्याकडे दाखवायला एकही ठिकाण नसतं. "ते वाचताना जे वाटायचं ते आता वाटत नाही," एवढंच त्याला म्हणता येतं. आपण याला स्मरणरंजन म्हणतो आणि पुढे जातो. पण मराठीत या भांडणाला फार मोठा, फार आदरणीय इतिहास आहे.

•

ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढच्या तीन शतकांत तिच्या प्रतींमध्ये इतके पाठभेद शिरले की एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, अनेक प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी यात आपली ओवी घालू नये असं बजावून ठेवलं. आपल्या भाषेतला हा पहिला मोठा जीर्णोद्धार. मग 1909 साली वि. का. राजवाडे यांनी एका जुन्या हस्तलिखिताच्या आधारे ज्ञानेश्वरी छापली. त्यांचं म्हणणं होतं की तिची भाषा एकनाथांच्या प्रतीहून जुनी, म्हणून ज्ञानदेवांना जवळची. अभ्यासकांनी राजवाडे प्रत उचलून धरली, तिच्यावर वाद घातले, व्याकरणं लिहिली. आणि वारकऱ्यांनी? त्यांनी आपल्या परंपरेतल्या साखरे महाराजांच्या प्रतीची पारायणं चालूच ठेवली. कानात बसलेली ओवी बदलायची त्यांना गरज वाटली नाही.

मी एम.ए.ला असताना ही हकिगत मला 'पांडित्य विरुद्ध भक्ती' अशा साच्यात शिकवली गेली. आज ती मला वेगळी दिसते. ते दोन वेगळे प्रश्न विचारत होते. राजवाड्यांचा प्रश्न होता, हे मुळात काय होतं? पारायण करणाऱ्याचा प्रश्न होता, मी रोज काय म्हणतो? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही बिनचूक मिळालं तरी त्याने दुसऱ्याचं उत्तर मिळत नाही. ज्या रचनेची हजारो माणसांनी शेकडो वर्षं आवर्तनं केली, ती आवर्तनंही रचनेचाच भाग होऊन बसतात.

काका हे पारायणकार आहेत. त्यांनी ती कॅसेट किती वेळा पाहिली याची मोजदाद नाही. 1980 च्या दशकात वाईत व्हीसीआर असलेली घरं थोडी, त्यामुळे ती एका घरातून दुसऱ्या घरात फिरायची. टेपवरचा प्रत्येक ओरखडा त्यांना पाठ आहे. त्यांच्यासमोर नवी डिस्क ठेवून "हाच खरा" म्हणणं हे माळकऱ्यापुढे राजवाडे प्रत ठेवण्यासारखं आहे. डिस्क खरीच आहे. फक्त त्यांनी विचारलेला प्रश्न तो नव्हता.

डिस्क आली त्याच वर्षी पंढरपूरच्या गाभाऱ्यातली चांदी उतरवून जुना काळा पाषाण मोकळा करण्यात आला. ज्यांनी जन्मभर चांदीच्या झळाळीत विठोबा पाहिला, त्यांच्यासाठी मूळ गाभारा हाच नवा गाभारा होता. मूळ आणि जुनं हे नेहमी एकच असतात असं नाही.

•

इथे कुणी म्हणेल, प्रश्न सोपा आहे. कर्त्यालाच विचारा. तो म्हणेल ती प्रत खरी.

पिंक फ्लॉइडच्या चाहत्यांना विचारून बघा. ऑक्टोबर 1971 मध्ये एड्रियन मेबन या दिग्दर्शकाने पाँपेईच्या उद्ध्वस्त रोमन रंगमंडलात या बँडला वाजवायला लावलं. तिथे प्रेक्षकांची जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली होती. समोर फक्त दगड, धूळ आणि कॅमेरे. त्या चित्रपटाचे पुढे वेगवेगळे अवतार झाले. 2003 मध्ये खुद्द मेबननेच डीव्हीडीसाठी नवी आवृत्ती काढली आणि तिच्यात संगणकावर रंगवलेली अंतराळाची आणि प्राचीन पाँपेईची दृश्यं घातली. तो कर्ता होता, त्याला हक्क होता. अनेक चाहत्यांनी ती नाकारली. त्यांना जुनी धूळ हवी होती. 2025 मध्ये मूळ 35 मिमी निगेटिव्हवरून केलेली 4के आवृत्ती स्टीव्हन विल्सनच्या नव्या ध्वनिमिश्रणासह आली, तेव्हा चित्राविषयी बहुतेक जण खूश होते आणि आवाजाविषयी पुन्हा दोन तट पडले.

म्हणजे चाहते मुळाच्या बाजूचे नाहीत आणि कर्त्याच्याही बाजूचे नाहीत. मग कुणाच्या? माझं उत्तर असं: ते पहिल्या भेटीच्या बाजूचे आहेत. आणि पहिली भेट बहुतेकांची वाईट प्रतीतूनच होते. आपल्यातल्या किती जणांनी रशियन कादंबऱ्या इंग्रजीवरून केलेल्या, निम्म्या कापलेल्या मराठी अनुवादांतून वाचल्या? त्या अनुवादांविषयी माझ्या पिढीचे लोक बोलतात तेव्हा त्यांच्या आवाजात जे येतं, ते अचूक अनुवादांविषयी बोलताना येत नाही.

•

पण एवढ्यावर थांबले तर मी काकांची खुशामत करतेय असं होईल. जीर्णोद्धाराने मला जे दिलं तेही नोंदवायला हवं, आणि तो प्रसंग दुसऱ्या एका डिस्कवरचा आहे.

27 जुलै 1986 ला क्वीनने बुडापेस्टच्या नेपस्टेडियनमध्ये सुमारे 80,000 लोकांसमोर मैफल केली. तेव्हा हंगेरी पोलादी पडद्याच्या आत होता. तिथल्या चित्रकर्मींनी ती मैफल 35 मिमीवर चित्रित केली आणि 2012 मध्ये तिची पुनरुज्जीवित आवृत्ती घरगुती डिस्कवर आली. त्या रात्री मर्क्युरी अचानक एक हंगेरियन लोकगीत गातो. ती भाषा त्याला येत नव्हती. शब्द त्याने तळहातावर लिहून घेतले होते. गाताना तो हाताकडे बघतो, लोक आनंदाने वेडे होतात आणि ओळी त्याच्याबरोबर म्हणू लागतात.

हे मी कॉलेजात असताना एका घासलेल्या टेपवर पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं की तो हात उचलून बघतो ते भावनेच्या भरात, अभिनय म्हणून. त्या टेपवर हात म्हणजे एक पांढुरका ठिपका होता. साफ केलेल्या चित्रात कळलं की तो वाचतोय. परक्या भाषेतले शब्द ऐनवेळी चुकू नयेत म्हणून चिठ्ठी केलेला हात! इतकी वर्षं मी ज्याला आवेश समजत होते ते वाचन होतं. भाषांतर करणाऱ्या बाईला याहून आपुलकीचं दृश्य कुठलं दाखवणार? जुन्या टेपशी एकनिष्ठ राहिले असते तर मला एक देखणी चूक मिळाली असती आणि हा हात मिळाला नसता.

मी हे सांगितलं तेव्हा नातीने लगेच ते दृश्य काढून लावलं. पिक्चरमधला मर्क्युरी तिला त्या क्षणी पहिल्यांदा अपुरा वाटला असावा. "हे का नाही घेतलं त्यांनी?" ती म्हणाली. पिक्चरची गोष्ट 1985 च्या लाइव्ह एडपाशी संपते, म्हणून. पण तिचा प्रश्न योग्य होता. चाहता व्हायची सुरुवात अशा प्रश्नापासूनच होते.

•

काकांच्या प्रेमाला आणखी एक पदर आहे आणि तो मी टाळू शकत नाही. फारुख बलसारा या मुलाचा जन्म 1946 मध्ये झांजिबारमधल्या पारशी घरात झाला. लहानपणीच त्याला भारतात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं गेलं. तिथे त्याने पियानो शिकला, मित्रांबरोबर 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. तो 1963 मध्ये झांजिबारला परतला आणि 1964 मध्ये कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेला. वाईहून पाचगणीला जायचं तर पसरणीचा घाट चढावा लागतो. काका म्हणतात, "आमच्याच घाटाने तो शाळेत गेला." त्यांच्या लेखी तो एवढ्याने सातारा जिल्ह्याचा ठरतो.

मला हा दावा सावधपणे घ्यावासा वाटतो. घरची भाषा गुजराती, शाळेची इंग्रजी. आपल्या भारतातल्या वर्षांविषयी तो जाहीरपणे फारसं बोलला नाही. माँट्रियलच्या चित्रपटात पाचगणीचा मागमूसही नाही, आणि चित्र 4के झालं म्हणून तो उमटत नाही. कितीही बारीक साफसफाई केली तरी फिल्मवर जे पडलंच नव्हतं ते निघत नाही. तो घाट काकांनी जोडलेला आहे. तो त्यांच्या प्रतीत आहे, निगेटिव्हमध्ये नाही. मैत्रिणीचंही असंच. शिलाँगच्या घरात कॅसेटवरून ऐकून, थांबवून, मागे नेऊन तिच्या भावांनी ब्रायन मेची वाजवण्याची रीत उचलली. तिच्या प्रतीत तिचे भाऊ आहेत. चाहत्याच्या प्रतीत असं बरंच काही असतं जे हक्कधारकांच्या कपाटात नसतं.

आणि म्हणूनच घरगुती प्रतींचा प्रश्न हळहळीपुरता उरत नाही. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि नायट्रेट फिल्म जळाली. त्यात प्रभातचे चित्रपटही होते. इन्स्टिट्यूट ज्या जागेवर उभी आहे ती मुळात प्रभातचीच. मूळ नष्ट झालं की दुय्यम प्रतच मूळ होते. संगीत नाटकं, लोकनाट्यं, वाद्यवृंद, एकपात्री प्रयोग यांची आपली स्मृती मोठ्या प्रमाणावर रसिकांनी घरी केलेल्या ध्वनिमुद्रणांवर उभी आहे. 1 नोव्हेंबर 1996 ला मायकल जॅक्सन मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात नाचला. मराठी माणसाने आयोजित केलेला, मराठी घरांत महिनोन् महिने चर्चिला गेलेला तो कार्यक्रम अधिकृत डिस्क म्हणून कधी बाजारात आला नाही. ज्यांच्याकडे त्याचे तुकडे आहेत ते टेपवरचेच आहेत. क्वीनच्या चाहत्यांना नव्या आणि जुन्या प्रतींत भांडण करायची चैन परवडते. आपल्याकडे बहुधा एकच प्रत असते, माळ्यावर, बुरशी धरलेली.

•

आता माझी गोष्ट, कारण हा लेख मी त्यासाठीच टाळत होते.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका हिंदी कादंबरीचं मराठी भाषांतर केलं. तेव्हा मी पुण्यात राहत होते. कादंबरीचा नायक दिल्लीत 'बरसाती'त राहतो. मला बरसाती म्हणजे पावसापासूनचा आडोसा एवढंच माहीत. मी त्याला ताडपत्रीखाली ठेवला. पुढे दिल्लीत राहायला आल्यावर कळलं की बरसाती म्हणजे गच्चीवरची एकटी खोली, एकेकाळी लेखक-चित्रकारांची आवडती. माझा नायक पंधरा वर्षं विनाकारण पावसात भिजत होता. नवी आवृत्ती निघाली तेव्हा मी ही आणि अशा साठेक चुका दुरुस्त केल्या, आणि जुनी पुन्हा छापू नये असं स्वतः लिहून दिलं.

एका वाचकाचं पत्र आलं. त्यांना जुनी प्रत हवी होती. नवी वाचली, चांगली आहे, पण "माझा ताडपत्रीखालचा माणूस त्यात नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. मला राग आला होता. चूक ती चूक.

जानेवारीत काकांनी कॅसेट काढली. नातीने जुन्या बाजारातून चालू व्हीसीआर पैदा केला होता. कॅसेटच्या कडेला भावाच्या अक्षरात 'क्वीन' लिहिलेलं. चित्र वरच्या बाजूला वाकलेलं, रंग वाहून गेलेले, ओठ शब्दांच्या मागे. एका जागी टेप चुरगळलेली होती, तिथे आवाज बुडतो. त्या जागेवर काकांनी डोळे मिटून तेवढी ओळ स्वतः म्हटली आणि आवाज परत आला तेव्हा ते बरोबर तालावर होते. त्यांना ती जागा ठाऊक होती. नातीने हे सगळं संगणकावर उतरवून घेतलं, चुरगळलेल्या जागेसकट. "दुरुस्त करू का?" तिने विचारलं. "नको," काका म्हणाले. "दुरुस्त केलेली आहे की आपल्याकडे."

मला वाटतं, या विषयावर म्हणण्यासारखं जे आहे ते काकांनी तेवढ्यात म्हटलं. त्यांनी नवी डिस्क नाकारली नव्हती. नव्या प्रतीने जुनीला बाजारातून उठवावं हे त्यांना मान्य नव्हतं. चाहत्यांच्या तक्रारींत सर्वांत खरी तक्रार हीच असते, आणि जीर्णोद्धार करणारे, प्रकाशक आणि भाषांतरकार हीच तक्रार ऐकत नाहीत. नव्या डिस्कबरोबर जुनी आवृत्तीही देता येते. नव्या भाषांतराला काय काय बदललं त्याची टीप जोडता येते. यात कुणाचं काही जात नाही, फक्त आपण पूर्वी चुकलो होतो हे छापील राहतं.

त्या रात्री मी घरी येऊन कपाटातल्या जुन्या आवृत्तीच्या दोन प्रतींपैकी एक काढली. बरसातीच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलं, 'इथे ताडपत्री चुकीची आहे', आणि प्रत वाचकाला पाठवली. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. वर पत्ता, खाली सही, मध्ये दोन शब्द: माहीत आहे.